लसीची उजळणी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कोणत्या विषयावर बोलणार, असे मघाशी एका बुजुर्गांनी विचारले. मी म्हटले, "लसीकरणावर." ते हसून म्हणाले, "सर, तुम्ही तर मराठी शिकवता. हे काम डॉक्टरांचे." त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. औषध लिहून देण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते देणारही नाही. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती चूक तुमच्यापुढे कबूल करावी आणि त्यानंतर डॉक्टरांकडून, पुस्तकांतून व अनुभवातून जे शिकलो ते तुम्हाला सांगावे, एवढ्याचसाठी मी उभा आहे.

२०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आपल्या राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलामुलींना शाळाशाळांतून ही लस देण्यात येत होती. मी तेव्हा इयत्ता पाचवीचा वर्गशिक्षक होतो. त्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर नाना प्रकारच्या अफवा फिरत होत्या. या सुईने पुढे मुले होत नाहीत, ही सुई फक्त आपल्याच वस्तीत देतात, असे काहीबाही लिहिलेले असे. माझ्या वर्गातील अकरा मुलांच्या घरून नकाराच्या चिठ्ठ्या आल्या. त्या अकरा घरी जाऊन बसणे, चहा घेणे आणि समजावून सांगणे हे माझे काम होते. मी गेलो नाही. "पालकांची मर्जी," असे मनाशी म्हणून मी त्या चिठ्ठ्या फाइलला लावल्या. ही माझी चूक.

चार वर्षे गेली. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईच्या गोवंडी भागात, भिवंडीत आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवराची साथ पसरली. गोवर म्हणजे अंगावर पुरळ येते आणि आठ दिवसांत बरे वाटते, असे आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांना वाटते. पण त्या साथीत लहान मुले दगावली. त्याच वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. मुंबईला उपचार चालू होते. केस गेल्यामुळे ती डोक्याला घट्ट ओढणी बांधून यायची. तिच्या रक्तातील रोगाशी लढणाऱ्या पेशी औषधांमुळे फार कमी झाल्या होत्या. तिला त्या अवस्थेत गोवराची लस देता येत नव्हती, कारण त्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि तिच्यासारख्या शरीरात तो दुबळा विषाणूसुद्धा जोर धरू शकतो. म्हणजे तिचे रक्षण करण्याचा एकच मार्ग उरला होता. तिच्याभोवती बसणाऱ्या चाळीस मुलांपैकी कोणालाही गोवर होऊ नये.

एके दिवशी तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाला ताप आला, डोळे लाल झाले, खोकला सुरू झाला. चौथ्या दिवशी अंगावर पुरळ उठले. गोवराचा रोगी पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच रोग पसरवत असतो. तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. त्या मुलाचे नाव ऐकले आणि मी घरी येऊन जुनी फाइल काढली. चार वर्षांपूर्वी त्याचा मोठा भाऊ माझ्या वर्गात होता. त्या अकरा चिठ्ठ्यांपैकी एक त्याच घरची होती. त्या घरातील एकाही मुलाला लस मिळालेली नव्हती.

त्या मुलीच्या वडिलांनी त्याच रात्री गाडी केली. रोग्याशी संबंध आल्यापासून सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन शिरेतून दिले तर अशा मुलांचा बचाव होऊ शकतो. ते तिला वेळेत मिळाले. त्यासाठी वडिलांना रिक्षा गहाण ठेवावी लागली. अल्लाहच्या कृपेने मुलगी वाचली. आज ती या मंडपात आहे. कोठे बसली आहे ते मी सांगणार नाही. आणि तो मुलगाही बरा झाला. त्याच्या आईवडिलांना मी दोष देत नाही. त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते. समजावून सांगण्याचा पगार मी घेत होतो.

आता मूळ विषयाकडे येतो. लस म्हणजे काय, आणि ती पुन्हा पुन्हा का घ्यावी लागते?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही दुसरीत सतराचा पाढा पाठ केला. मे महिन्याच्या सुट्टीत तो विसरलात. जूनमध्ये गुरुजींनी उजळणी घेतली आणि पाढा पक्का झाला. शरीराचेही असेच आहे. लस ही शरीराला रोगाची ओळख करून देते. खरा शत्रू येण्यापूर्वी त्याचे चित्र दाखवून ठेवते. काही ओळखी जन्मभर टिकतात, काही पुसट होत जातात. त्या पुसट झालेल्या ओळखीला उजाळा देण्यासाठी जी मात्रा देतात तिला वर्धक मात्रा किंवा बूस्टर म्हणतात. घटसर्प आणि धनुर्वात यांची ओळख अशीच पुसट होते. म्हणून सरकारी वेळापत्रकात बाळाला सहा, दहा व चौदा आठवड्यांची झाल्यावर मात्रा दिल्या, तरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान पहिला बूस्टर, पाच ते सहा वर्षांच्या वयात दुसरा बूस्टर आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची आणखी एकेक मात्रा ठेवलेली आहे. बाळाच्या मात्रा आया न चुकता देतात. पण दहाव्या आणि सोळाव्या वर्षाच्या मात्रा आपल्याकडे सर्रास राहून जातात. दहावे वर्ष म्हणजे पाचवी, सोळावे म्हणजे दहावी-अकरावी. बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत ही सुई कोणाच्या ध्यानात राहणार?

वर्गात एखादे मूल आजारपणामुळे अशक्त असते. इतरांचा पाढा दोन वेळा म्हटल्यावर पाठ होतो, त्याला चार वेळा म्हणावा लागतो. ते मूल मंद आहे असे आपण म्हणत नाही, त्याला उजळणी जास्त द्यावी लागते एवढेच. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेली आहे त्यांच्या बाबतीत लसीचे असेच होते. लस घेऊनही त्यांच्या शरीरात पुरेसे प्रतिपिंड तयार होत नाहीत, किंवा झालेले लवकर ओसरतात. म्हणून त्यांना अधिक मात्रा, कधी मोठी मात्रा आणि वेळेवर बूस्टर लागतो.

ही माणसे कोण? आपल्यातीलच आहेत. डायलिसिसवर असलेले, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले, कर्करोगावर उपचार घेणारे, एच.आय.व्ही. बाधित, संधिवातासाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी बराच काळ स्टेरॉइड घेणारे, आणि ज्यांची प्लीहा काढली आहे किंवा निकामी झाली आहे असे. मधुमेह जुना आणि बेताबाहेर असेल तर तोही शरीराला कमजोर करतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. त्यात लहानपणीच प्लीहा निकामी होत जाते आणि न्यूमोनियाचे जंतू अशा मुलांना फार लवकर गाठतात. न्यूमोकोकल लस आता सरकारी वेळापत्रकात आली आहे, पण सिकलसेलच्या मुलांना दोन वर्षांनंतर तिची दुसऱ्या प्रकारची जादा मात्राही लागते. यावल, रावेर, चोपडा भागातून आलेल्या तडवी बांधवांनी आपल्या मुलांची सिकलसेलची तपासणी करून घ्यावी, ही माझी खास विनंती.

माझ्या घरचेच उदाहरण देतो. माझे अब्बा धुळ्याला यंत्रमागावर काम करत. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. डायलिसिसच्या रुग्णांना कावीळ 'ब'ची लस नेहमीच्या दुप्पट मात्रेत, एकूण चार वेळा देतात. अब्बांनी ती घेतली. वर्षभराने रक्त तपासले तेव्हा प्रतिपिंडांची पातळी दहाच्या खाली आलेली निघाली. दहा ही संरक्षणाची किमान पातळी मानतात. सिस्टरने सांगितले, "चाचा, बूस्टर घ्यावा लागेल." अब्बा चिडले. "एकदा घेतली ना! चार-चार सुया टोचल्या. आता पुन्हा कशाला?" घरी येताना मी त्यांना विचारले, "अब्बा, मागाला तेल एकदाच घालत होतात का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. स्टेशनजवळ आल्यावर म्हणाले, "सोमवारी आठवण कर." सोमवारी त्यांनी हात पुढे केला.

कोविडच्या काळातही हाच प्रश्न साऱ्या जगापुढे आला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी शिफारस केली की, ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांना दोन मात्रा पुरेशा समजू नयेत, एक जादा मात्रा द्यावी. आपल्या देशात १० जानेवारी २०२२ पासून तिसरी मात्रा सुरू झाली. तिला सरकारने 'प्रिकॉशन डोस' म्हटले. प्रथम ती आरोग्य कर्मचारी, आघाडीवर काम करणारे कर्मचारी आणि साठ वर्षांवरील आजारी व्यक्तींना मिळाली. १० एप्रिल २०२२ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना खाजगी केंद्रांवर पैसे भरून घेता येऊ लागली आणि १५ जुलैपासून पंचाहत्तर दिवस सरकारी केंद्रांवर विनामूल्य मिळाली. साठीच्या आतला डायलिसिसचा रुग्ण या क्रमात मागे राहिला, हेही खरे. पण जेव्हा फुकट मिळू लागली तेव्हा किती जण गेले? आपल्या मोहल्ल्यातील बहुतेकांचे म्हणणे एकच होते: "सर्टिफिकेट मिळाले आहे, प्रवासाला अडचण नाही, आता कशाला?" सर्टिफिकेट तपासनीसाला दाखवायला उपयोगी पडते, विषाणू ते पाहत नाही.

काही जणांनी रोज्याचे कारण सांगितले. २०२१ च्या मार्चमध्ये सौदी अरेबियाच्या मुख्य मुफ्ती साहेबांनी लस घेतल्याने रोजा तुटत नाही असे जाहीर केले होते, आणि आपल्या देशातील अनेक उलेमांनीही तसेच सांगितले. तेव्हा रमजानच्या नावावर आपला आळस टाकू नये.

लस ही परक्यांची वस्तू आहे, असेही कोणी म्हणते. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. हजार वर्षांपूर्वी अबू बक्र अर-राझी या थोर हकीमांनी देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखावेत यावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाची भाषांतरे पुढे युरोपातील वैद्यांनी अभ्यासली. जेन्नरने १७९६ मध्ये देवीची लस शोधली, त्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी इस्तंबूलच्या स्त्रिया देवीच्या फोडातील द्रव निरोगी मुलांना टोचत होत्या. एका इंग्रज राजदूताच्या पत्नीने ते पाहिले, आपल्या मुलाला तेथेच टोचून घेतले आणि ती रीत इंग्लंडला नेली. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगने हाहाकार उडाला असता डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते, अफवा तेव्हाही होत्या. त्या वेळी विशीतले तरुण सर सुलतान मुहम्मद शाह आगाखान पुढे आले, त्यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपली इमारत दिली. ते नुसते भाषण देऊन थांबले नाहीत, बाही वर केली. त्यानंतर त्यांच्या जमातीचे हजारो लोक पुढे आले. परळच्या हाफकिन संस्थेच्या इतिहासात हे नाव कायमचे आहे.

आता थोडक्यात, आपण काय करावयाचे ते सांगतो.

पहिली गोष्ट. लसीचे कार्ड रेशनकार्डाइतके जपा. मूल मोठे झाले म्हणून ते फेकू नका. हरवले असेल तर आरोग्य केंद्रातील नोंदवहीतून माहिती काढा.

दुसरी गोष्ट. लस घेण्यापूर्वी चालू असलेली सर्व औषधे सिस्टरला किंवा डॉक्टरांना दाखवा. लसी दोन प्रकारच्या असतात. धनुर्वात, कावीळ 'ब', न्यूमोकोकल, फ्लूची सुई यांत जिवंत जंतू नसतात. त्या क्षीण प्रतिकारशक्तीच्या माणसाला धोका करत नाहीत. फार तर त्यांचा असर कमी पडतो. गोवर-रुबेला, कांजिण्या, बी.सी.जी. आणि पोलिओचे थेंब यांत जिवंत जंतू असतात. अशा माणसाला त्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. मोठ्या मात्रेत दोन आठवडे किंवा अधिक काळ स्टेरॉइड घेतले असेल, तर ते बंद झाल्यावरही किमान एक महिना जिवंत लस देत नाहीत. मात्र या भीतीने सगळ्याच लसी बंद करणे ही मोठी चूक आहे. ती मी अनेक घरांत पाहिली.

तिसरी गोष्ट. प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया, प्रत्यारोपण किंवा संधिवाताची जोरदार औषधे ठरली असतील, तर सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा, "आता कोणत्या लसी घेऊन टाकाव्यात?" शेतकरी पाऊस पडण्याआधी घराची कौले शाकारतो. शरीर सशक्त असताना घेतलेली लस अधिक काम करते. कर्करोगाचे उपचार संपल्यावर जुन्या लसींचा असर पुसला गेलेला असू शकतो. आमच्या त्या विद्यार्थिनीला उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टरांनी मात्रा पुन्हा दिल्या. त्या द्याव्या लागतात हे तिच्या वडिलांना कोणी तोपर्यंत सांगितलेले नव्हते. त्यांनी स्वतः विचारले म्हणून कळले.

चौथी गोष्ट. घरात असा रुग्ण असेल तर बाकीच्या सर्वांनी आपल्या लसी पूर्ण कराव्यात. आपल्या जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागा आहेत. वाऱ्याने केळी मोडू नये म्हणून शेतकरी बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतो. ते गवत स्वतः वारा झेलते आणि आतली केळी उभी राहते. घरातील निरोगी माणसांनी रुग्णासाठी ती शेवरी व्हायचे आहे. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण तो विषाणू दर वर्षी रूप बदलतो. आणि घरात असा रुग्ण असताना लहान बाळाला पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. पोलिओची सुईतून देण्याची लसही आहे.

पाचवी गोष्ट. कुत्रा चावला तर क्षीण प्रतिकारशक्तीच्या माणसाने "मी मागच्या वर्षी सुया घेतल्या आहेत" असे म्हणून थांबू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन आपला आजार सांगावा. अशा माणसाला लसीच्या पूर्ण मात्रा आणि त्यासोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते.

सहावी गोष्ट, हजला जाणाऱ्यांसाठी. १९८७ च्या हजमध्ये मेंदूज्वराची मोठी साथ आली. २००० साली दुसऱ्या प्रकारच्या जंतूची आली, आणि हाजींच्या मार्फत अनेक देशांत त्यांच्या घरच्या लोकांपर्यंत पोहोचली. म्हणूनच आज मेंदूज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. आपले हाजी बहुधा वयस्क असतात, अनेकांना मधुमेह असतो. त्यांनी ही सुई केवळ कागदासाठी घेऊ नये. सोबत फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दलही आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आणि शेवटची गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. ताप आणि पुरळ असेल तर हजेरीच्या लोभाने शाळेत येऊ नका. हजेरीचे मी पाहून घेईन. तुमच्या शेजारी बसणाऱ्याच्या शरीरात काय चालले आहे ते तुम्हाला ठाऊक नसते. त्याने ते सांगावे अशी सक्तीही आपण करू शकत नाही.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक नम्र सूचना आहे. प्रवेशाच्या वेळी आपण जन्मदाखला मागतो, जुन्या शाळेचा दाखला मागतो. लसीच्या कार्डाची प्रतही मागावी. कार्ड नाही म्हणून कोणाचा प्रवेश अडवू नये. पण ज्यांच्या मात्रा राहिल्या त्यांची यादी करून आरोग्य केंद्राला द्यावी. आणि ज्यांच्या घरून नकार येईल, त्यांच्या घरी वर्गशिक्षकाने स्वतः जावे. माझ्या वर्गाच्या बाबतीत मी या वर्षी असे केले. सात घरी गेलो. पाच घरी चहा मिळाला, एका घरी दार उघडले नाही, एका घरी बरेच ऐकून घ्यावे लागले. सातांपैकी पाच मुलांच्या मात्रा पूर्ण झाल्या. राहिलेल्या दोन घरी मी पुन्हा जाणार आहे.

अकरा चिठ्ठ्यांची ती फाइल अजून माझ्या कपाटात आहे. मी ती फाडलेली नाही.